खालचं कोर्ट म्हणू नका

लॉ करणाऱ्या कुणालाही विचारा, पुढे काय? उत्तरं ठरलेली असतात. कॉर्पोरेट फर्म, हायकोर्टात एखाद्या सिनियरच्या हाताखाली, नाहीतर एलएलएमला बाहेर. आणि मग कुणीतरी जरा खालच्या आवाजात म्हणतं, 'मी जेएमएफसी देतोय.' बाकीचे मान डोलावतात. चांगलंय, सरकारी नोकरी आहे, गाडी-बंगला मिळेल. पण 'न्यायमूर्ती' म्हटल्यावर तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो तो दिल्लीत बसलेला असतो, तालुक्याच्या कोर्टात नाही. तालुक्याचं ते 'खालचं कोर्ट'.

फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने आपल्याच सुप्रीम कोर्टाच्या कार्यालयाला बजावलं होतं, की ट्रायल कोर्टाच्या कागदपत्रांना 'लोअर कोर्ट रेकॉर्ड' म्हणणं बंद करा. बातमी छोटी होती, बहुतेकांच्या नजरेतून सुटली असेल. मला मात्र ती वाचताना अमेरिकेतला एक न्यायाधीश आठवला, ज्याने आयुष्यातली चोवीस वर्षं एकाच शहरातल्या एकाच 'खालच्या' कोर्टात काढली आणि तिथे बसून एका अख्ख्या राज्याचा कारभार सरळ करायला लावला. फ्रँक मिनिस जॉन्सन. शहर मॉन्टगोमेरी, राज्य अलाबामा. माझं म्हणणं असं, की ज्याला कायद्यात करिअर करायचंय त्याने या माणसाची माहिती करून घ्यावी. ज्याला नाही करायचं त्यानेही घ्यावी.

आधी थोडी रचना समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे तालुक्यापासून दिल्लीपर्यंत कोर्टांची एकच साखळी आहे. जिल्हा न्यायालय राज्याचा कायदाही बघतं आणि केंद्राचाही. अमेरिकेत दोन वेगळ्या साखळ्या आहेत. राज्याची कोर्टं वेगळी, केंद्राची म्हणजे फेडरल कोर्टं वेगळी. फेडरल साखळीची सगळ्यात खालची पायरी म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट. देशभरात असे 94 डिस्ट्रिक्ट आहेत. साक्षीदार तिथे उभा राहतो, ज्युरी तिथे बसते, पुरावा तिथे तपासला जातो. वरच्या कोर्टांत फक्त कागद जातात. या डिस्ट्रिक्ट जजला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि मग तो तहहयात. पगार कमी करता येत नाही, काढायचं तर महाभियोगच चालवावा लागतो. आणि अलाबामाचे स्वतःचे न्यायाधीश? ते मतदारांनी निवडून दिलेले. हा फरक लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

जॉन्सन 1918 साली अलाबामाच्या उत्तरेला विन्स्टन काउंटीत जन्मला. डोंगराळ मुलुख, गरीब शेतकरी, गुलाम बाळगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. यादवी युद्धात अलाबामा देशापासून फुटून निघाला तेव्हा या लोकांनी फुटायला नकार दिला होता आणि त्याचा अभिमान ते पिढ्यान्‌पिढ्या मिरवत. म्हणजे बंडखोर राज्यातले बंडखोर. अलाबामा विद्यापीठात जॉन्सनने कायद्याचा अभ्यास केला, महायुद्धात नॉर्मंडीत लढला, जखमी झाला, परत येऊन लहान गावात वकिली केली. मग 1953 मध्ये सरकारी वकील झाला आणि शेतावर कृष्णवर्णीय मजुरांना वेठबिगार म्हणून डांबून ठेवणाऱ्या गोऱ्या जमीनदारांवर खटला चालवून त्यांना शिक्षा मिळवून दिली. अलाबामात, गोऱ्या ज्युरीसमोर! तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, की हे प्रकरण वेगळं आहे.

1955 च्या अखेरीस आयझेनहॉवर यांनी त्याला डिस्ट्रिक्ट जज नेमलं. वय 37. तो मॉन्टगोमेरीत खुर्चीवर बसतो न बसतो तोच, 1 डिसेंबरला, त्याच शहरात रोझा पार्क्स बसमधून उठल्या नाहीत आणि त्यांना अटक झाली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. बहिष्कार, मार्टिन ल्यूथर किंग, 381 दिवस लोक पायी चालले आणि शेवटी विजय. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. पण बसमधली वर्णभेदी आसनव्यवस्था नेमकी संपली कशी? ती संपली एका खटल्याने, ज्यात रोझा पार्क्स पक्षकारसुद्धा नव्हत्या. ब्राउडर विरुद्ध गेल. फ्रेड ग्रे नावाच्या तरुण वकिलाने चार कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वतीने तो दाखल केला होता. त्यातली एक क्लॉडेट कोल्व्हिन. पार्क्स यांच्या नऊ महिने आधी तिने बसमधली जागा सोडायला नकार दिला होता आणि तेव्हा ती फक्त 15 वर्षांची होती. राज्याच्या कायद्यालाच आव्हान असल्यामुळे केस तीन न्यायाधीशांपुढे आली. सुनावणीनंतर तिघे चर्चेला बसले तेव्हा सगळ्यात ज्युनिअर म्हणून जॉन्सनला आधी मत विचारलं, आणि त्याला ते सांगायला फार वेळ लागला नाही, असं सांगितलं जातं. जून 1956 मध्ये निकाल लागला, दोन विरुद्ध एक. ज्येष्ठ न्यायाधीश रिचर्ड राइव्हज जॉन्सनच्या बाजूने, तिसरे विरोधात. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला आणि डिसेंबरमध्ये लोक बसमध्ये हवं तिथे बसले.

बहिष्काराचं महत्त्व मी कमी करत नाहीये. लोक रस्त्यावर नसते तर खटल्याला धार आली नसती. पण आपण मोर्चा लक्षात ठेवतो आणि कोर्टातलं ते कंटाळवाणं काम विसरतो, ही आपली सवयच आहे. रील मोर्चाचं बनतं, उलटतपासणीचं कोण बनवणार?

जॉन्सनच्या अंगणात क्रॉस जाळला गेला. धमक्या आल्या, पहारा बसवावा लागला. शहरातल्या 'चांगल्या' घरांनी त्याला बोलावणं बंद केलं. 1967 मध्ये त्याच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला. बहुधा फोनच्या डिरेक्टरीत नाव बघून चुकून. कारण वडिलांचं नावही फ्रँक जॉन्सनच होतं. आई बचावली. आणि हा गृहस्थ रोज सकाळी त्याच कोर्टात जाऊन त्याच खुर्चीत बसत राहिला. अंगात झगा नाही, हातात हातोडा नाही. न्यायाधीश म्हणून मिरवायच्या या दोन्ही गोष्टी त्याला नको असत.

आता या गोष्टीतला सगळ्यात सिनेमॅटिक भाग. जॉर्ज वॉलेस. विद्यापीठात दोघे बरोबर होते, चांगली दोस्ती होती. 1959 साली वॉलेस राज्याच्या कोर्टात जज होता आणि डोळा गव्हर्नरपदावर. केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीचे कागद मागितले. वॉलेसने जाहीर केलं, देणार नाही, मागायला याल तर तुरुंगात टाकीन. जॉन्सनने हुकूम काढला, कागद द्या. तेव्हा वॉलेस रात्री गुपचूप जुन्या मित्राच्या घरी गेला. त्याची अडचण साधी होती. लोकांपुढे वाघ दिसायचं होतं, आणि तुरुंगात फार दिवस काढायचेही नव्हते. जॉन्सनने सवलत दिली नाही. मग वॉलेसने कागद ग्रँड ज्युरीच्या हाती सोपवले आणि तिथून ते मागच्या दाराने आयोगाकडे पोहोचवले. कोर्टाच्या अवमानाची केस उभी राहिली, तेव्हा जॉन्सनने त्याला निर्दोष सोडलं! कारण? निकालात सरळ लिहून टाकलं, की याने आडवळणाने का होईना, हुकूम पाळलाय. झुंजार नेत्याची याहून वाईट फजिती तुरुंगाने झाली नसती. पुढे 1963 मध्ये वॉलेस गव्हर्नर झाला आणि अनेक वर्षं जाहीर सभांत जॉन्सनला शिव्या घालत राहिला.

1965. सेल्मा. हे नाव सिनेमामुळे तरी ऐकलं असेल. 7 मार्चला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पुलावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. दोन दिवसांनी किंगना पुन्हा निघायचं होतं. आणि इथे ज्यांना जॉन्सन हिरो म्हणून हवाय त्यांची अडचण होते. कारण त्याने मोर्चाला मनाई केली. सुनावणी होईपर्यंत थांबा. किंग पुलापर्यंत गेले, प्रार्थना केली आणि मागे फिरले. आंदोलनातल्या तरुणांना किती राग आला असेल याची कल्पना करा. मार खाल्ला आपण आणि हुकूमही आपल्यावरच?

सुनावणी काही दिवस चालली. पुलावरच्या मारहाणीची टीव्हीची फिल्म कोर्टात लावली गेली. मतदार नोंदणीचे आकडे मांडले गेले. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय सुमारे 15 हजार, नोंदलेले साडेतीनशेसुद्धा नाहीत. शेजारच्या लाउंड्स काउंटीत पाच हजारांवर लोक, नोंदलेला एकही नाही. 17 मार्चला निकाल. मोर्चा निघेल, आणि गव्हर्नर वॉलेस आणि त्यांचे पोलिस त्याला संरक्षण देतील. निकालातला मुद्दा माझ्या मते आजही प्रत्येक आंदोलकाने आणि प्रत्येक पोलिस अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. हायवेवरून हजारोंनी चालणं म्हणजे वाहतुकीला त्रास, हे जॉन्सन नाकारत नाही. पण रस्ता किती वेळ आणि किती अडवता येईल हे ज्या अन्यायाविरुद्ध तुम्ही उभे आहात तो केवढा आहे यावर ठरेल, असं तो म्हणतो. अन्याय अवाढव्य, म्हणून हक्कही तेवढा रुंद. आणि मग लगेच हिशोब: रस्ता दोन लेनचा आहे तिथे 300 पेक्षा जास्त माणसं नकोत. 21 मार्चला मोर्चा निघाला, 54 मैल चालून 25 तारखेला मॉन्टगोमेरीला पोहोचला तेव्हा लोक 25 हजारांच्या घरात होते. मतदान हक्काचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला.

त्याच रात्री, 25 तारखेला, मोर्चेकऱ्यांना गाडीने परत सोडणाऱ्या व्हायोला लिउझो यांना क्लॅनच्या लोकांनी गोळ्या घातल्या. डेट्रॉइटहून आलेली, पाच मुलांची आई. राज्याच्या कोर्टात काय झालं? एकदा ज्युरीचं एकमत नाही, दुसऱ्यांदा निर्दोष. खून हा राज्याच्या कायद्याचा गुन्हा, त्यामुळे फेडरल कोर्टाला खुनासाठी शिक्षा देता येईना. मग केंद्राच्या वकिलांनी यादवी युद्धानंतरचा जुना कायदा काढला: नागरिकांचे हक्क हिरावण्याचा कट. केस जॉन्सनसमोर. ज्युरी पुन्हा सगळी गोऱ्या पुरुषांची. ते म्हणाले, आमचं जमत नाही. जॉन्सनने त्यांना परत आत पाठवलं. डिसेंबरमध्ये तिघे दोषी ठरले आणि त्याने त्यांना 10-10 वर्षांची, म्हणजे त्या कलमातली जास्तीत जास्त शिक्षा दिली.

इथवर वाचून तुमच्या मनात एक नाव आलंच असेल. रामशास्त्री. आपल्याकडे न्यायाधीश ताठ निघाला की आपण लगेच 'रामशास्त्री बाणा' म्हणतो. मला ही तुलना पूर्ण पटत नाही, आणि त्याचं कारण शास्त्रीबुवांच्या धैर्यात नाही. नारायणरावाच्या खुनाबद्दल त्यांनी राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून निघून गेले. जाण्यावाचून दुसरा मार्ग होता कुठे? ज्याला दोषी धरलं त्याच्याच हाती राज्य होतं. जॉन्सनला पुणं सोडावं लागलं नाही. वॉलेस गव्हर्नर होता, त्याच्याकडे पोलिस होते, मतं होती, पण जॉन्सनची बदली करणं, पगार रोखणं, हकालपट्टी करणं यातलं काहीही तो करू शकत नव्हता. त्याच अलाबामात निवडून येणाऱ्या जजला दर निवडणुकीत त्याच मतदारांपुढे हात पसरावे लागत. म्हणून मला वाटतं, धाडसाचे पोवाडे गाताना त्या धाडसाखालची जमीनही बघावी. आपल्याकडे जिल्ह्याच्या न्यायाधीशावर हायकोर्टाचं नियंत्रण असतं, सरकारचं नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण साधारण तीन वर्षांनी बदली, मुलांच्या शाळा, क्वार्टरचा शोध, टेबलावर शेकडो केसेसचा ढीग. अशा माणसाकडून रामशास्त्र्यांची अपेक्षा करायची आणि त्याला स्टेनो मात्र वेळेवर द्यायचा नाही, हे कसं चालेल?

पण थांबा, या मुद्द्याला दुसरी बाजूही आहे. शेजारच्या मिसिसिपीत विल्यम हॅरल्ड कॉक्स नावाचे फेडरल जज होते. 1961 मध्ये केनेडींनी नेमलेले. तीच राज्यघटना, तीच तहहयात खुर्ची. आणि हे महाशय मतदार नोंदणीसाठी आलेल्या कृष्णवर्णीयांना भर कोर्टात माकडं म्हणत. त्यांनाही कुणी हलवू शकलं नाही. म्हणजे खुर्ची पक्की असली की माणूस न्यायी होतो असं बिलकुल नाही. ती फक्त त्याला आतून जसा आहे तसा वागू देते. हा प्रश्न अमेरिकेलाही सुटलेला नाही आणि मलाही सुटत नाही. तरीही निवड करायची तर मी पक्की खुर्चीच निवडेन. कारण कॉक्सचे निकाल वर जाऊन उलटवता येत होते, पण घाबरलेल्या जजसमोर जो पुरावा कधी नोंदवलाच गेला नाही, तो वरचं कोर्ट आणणार कुठून?

जॉन्सनचेही सगळे निकाल बरोबर नव्हते, बरं का. टस्कीगी शहराची हद्द राज्याने अशी वेडीवाकडी आखली, की जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर पडले. चौकोनी शहराला 28 बाजू झाल्या! जॉन्सनने ती केस फेटाळली, हद्द आखणं विधिमंडळाचं काम म्हणून. 1960 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला एकमुखाने चूक ठरवलं. 1961 मध्ये फ्रीडम रायडर्सना मारणाऱ्या क्लॅनवर आणि बघत बसणाऱ्या पोलिसांवर त्याने मनाई हुकूम काढला खरा, पण तात्पुरती बंदी रायडर्सवरही घातली. तो चळवळीचा माणूस नव्हता. समोर जो पुरावा आला आणि कायदा जसा समजला, तसं त्याने लिहिलं. तुम्हाला आणि मला तो कधी कधी आवडणार नाही. आवडावा म्हणून तो तिथे बसलाही नव्हता.

मला स्वतःला सेल्मापेक्षा त्याचं नंतरचं काम मोठं वाटतं, ज्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. टस्कलूसात ब्राइस नावाचं सरकारी मनोरुग्णालय होतं, रुग्ण 5,000 च्या आसपास. 1970 मध्ये सिगारेटवरचा कर कमी जमला म्हणून तिथले कर्मचारी काढून टाकले. नोकऱ्या गेल्याची केस म्हणून ती कोर्टात आली, आणि आत काय चाललंय ते बाहेर पडलं. एवढ्या रुग्णांमागे मानसोपचाराचं थोडंफार प्रशिक्षण असलेले तीन डॉक्टर. दिवसाच्या जेवणावर माणशी 50 सेंटसुद्धा खर्च नाही. जॉन्सनचा प्रश्न असा: बरं करू म्हणून तुम्ही माणसाला कोंडता आणि उपचारच देत नाही, मग कोंडण्याचा अधिकार कुठून आला? 1972 मध्ये त्याने निकषांची यादीच हुकूमात घातली. किती रुग्णांमागे किती डॉक्टर, किती नर्स. आठ रुग्णांमागे एक संडास. पंधरांमागे एक न्हाणीघर. नळाच्या गरम पाण्याचं तापमानसुद्धा. 1976 मध्ये तुरुंगांची पाळी आली. एका तुरुंगात 200 हून अधिक कैद्यांमागे चालू असलेला संडास एक.

टीकाकार म्हणाले, न्यायाधीशाने संडास मोजायचे का? हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. राज्याचं बजेट कुठे खर्च करायचं हे निवडून आलेल्यांनी ठरवावं, लोकशाहीत तसंच असतं. पण ज्यांना मत नाही, ज्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, त्या कैद्यांचं आणि मनोरुग्णांचं काय? त्यांच्या वतीने संडास मोजायला दुसरं कुणीच येत नव्हतं. आपल्या तुरुंगांबद्दल, आपल्या मनोरुग्णालयांबद्दल ही मोजदाद तुम्ही कधी केलीय का? कॉलेजच्या लीगल एड सेलला भेटीची परवानगी मिळत असेल तर एकदा वही-पेन घेऊन जा.

1977 मध्ये कार्टर यांनी त्याला एफबीआयचा प्रमुख म्हणून निवडलं, पण तब्येतीने साथ दिली नाही. 1979 मध्ये तो अपील कोर्टात गेला, 1999 मध्ये वारला. ब्राइसची केस तेव्हाही चालूच होती. ती बंद झाली 2003 च्या डिसेंबरमध्ये, सुरू झाल्यापासून 33 वर्षांनी. 'तारीख पे तारीख' म्हणून हसू नका. या 33 वर्षांत निकाल लागायचा राहिला नव्हता, तो पाळला जातोय का हे तपासणं चालू होतं.

मॉन्टगोमेरीच्या त्या कोर्टाला 1992 मध्ये त्याचं नाव दिलं. अगदी लागूनच जुना ग्रेहाउंड बस स्टँड आहे, जिथे 1961 च्या मे महिन्यात फ्रीडम रायडर्सना काठ्यांनी झोडपलं. आज तिथे म्युझियम आहे. स्टँड बघायला माणसं लांबून येतात. शेजारच्या इमारतीत रोजच्यासारखी कामकाजाची यादी लागते आणि पक्षकार बाहेर बाकावर बसून आपल्या नावाचा पुकारा कधी होतो याची वाट बघत असतात.